नाव न विचारता दिलेले पाणी

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



मी काही विद्वान वक्ता नाही. माझे शिक्षण सातवी. १९८२ च्या गिरणी संपात वडील घरी बसले, माझी शाळा सुटली आणि पुढे मीही गिरणीत बदलीवर लागलो. वाचनाची गोडी लागली ती रद्दीच्या दुकानात. तिथे पुस्तक वजनावर मिळायचे. म्हणून माझे कॉलेज म्हणजे रद्दीचे दुकान, असे मी नेहमी म्हणतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

समितीने मला 'दान' या विषयावर बोलायला सांगितले. दान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पावतीपुस्तक येते. वर्गणी दिली, पावती घेतली, फळ्यावर नाव आले. ते वाईट नाही, त्यावरच हे विहार उभे राहिले. पण मला मिळालेले सगळ्यात मोठे दान बिनपावतीचे आहे. तेच आज सांगतो.

तारीख २६ जुलै २००५, वार मंगळवार. ती तारीख आपण कुणीच विसरलेलो नाही. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची, दुसरीत, दुपारच्या शाळेत. तिची आई गावी गेलेली, कारण सासूबाई आजारी होत्या. घरात मी आणि पोरगी दोघेच. मला पहिली पाळी. सकाळी डबा भरून निघताना पोरीने विचारले, "पप्पा, आज तुम्ही घ्यायला येणार ना?" म्हटलं, येतो. नक्की येतो.

साडेतीनला पाळी सुटली. पण गेटवर थकबाकीची मीटिंग लागली आणि मी मीटिंगला बसलो. आज तुमच्यासमोर हे कबूल करतो. चळवळीचा माणूस, मीटिंग सोडून कसा जाणार, असा माझा ताठा. शिवाय परळला पाऊस होता, पण उपनगरात काय चालले आहे याची आम्हाला कल्पना नव्हती. पुढे आकडे आले तेव्हा कळले. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच वेळी कुलाब्याला फक्त ७३. एकाच मुंबईत दोन पाऊस. त्यात दुपारची भरती आणि मिठी नदी फुगलेली.

मीटिंग संपली तेव्हा गाड्या बंद, फोन लागेना. चालत निघालो. दादर, माटुंगा करत सायन गाठले तेव्हा अंधार पडला होता. सायनच्या पुढे छातीएवढे पाणी. लोकांनी दोर धरून साखळी केली होती. मी दोनदा उतरलो, दोनदा मागे फिरलो. रात्र पुलावर उभ्याने काढली. डोळ्यांसमोर एकच चित्र, पोरगी शाळेच्या गेटवर उभी आहे आणि माझी वाट पाहते आहे. बंधूंनो, अशी रात्र वैऱ्यावर येऊ नये.

उजाडल्यावर कुर्ल्याला पोचलो. घराला कुलूप. शेजारच्या ताई रडत होत्या, "भाऊ, मी निघाले होते तिला आणायला, पण गल्लीच ओलांडता आली नाही." शाळा दुपारीच सोडून दिलेली. पाण्यातून, चिखलातून दारोदार विचारत फिरलो. शेवटी एका पोराने सांगितले, "काका, रद्दीवाल्यांच्या गाळ्यांकडे बघा, तिथे पोरं आहेत."

गाळ्यात गुडघाभर पाणी आणि वर लाकडी माळा. माळ्यावर रद्दीच्या गठ्ठ्यांवर चार पोरं, त्यात माझी. अंगाला पोते गुंडाळलेले, हातात ग्लुकोजचे बिस्कीट. खाली शिडीला धरून उभा एक तिशीतला माणूस, उत्तर प्रदेशचा. डोळे लाल, रात्रभर झोपलेला नव्हता. पोरं रस्त्यात अडकलेली दिसली तशी त्याने त्यांना हातगाडीवर बसवून गाळ्यात ओढत आणले होते.

पोरीने गळ्यात पडून पहिले काय सांगितले? "पप्पा, त्या अंकलनी वरचे गठ्ठे खाली पाण्यात टाकून दिले, आम्हाला बसायला."

रद्दीचा धंदा कुणाला माहीत असेल तर त्याला हे कळेल. माळ्यावर ठेवलेला माल म्हणजे त्याचा कोरडा माल, त्याची सगळी पुंजी. जागा थोडी. माल वाचवायचा की पोरं, एवढाच प्रश्न होता. ओळख नाही, पाळख नाही, आणि त्याने पोरं वाचवली.

माझ्या खिशात शंभराची भिजलेली नोट होती, ती पुढे केली. तो म्हणाला, "बच्चों का पैसा कौन लेता है, भाईसाहब? पानी पियेंगे?" सगळीकडे पाणीच पाणी, पण प्यायला थेंब नव्हता. त्याच्या कॅनमध्ये तळाला थोडे उरले होते. ते त्याने पेल्यात ओतून माझ्या हातात दिले. नाव विचारले नाही, आडनाव विचारले नाही, गाव विचारले नाही. १९२७ साली बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी हातात घेतले तो प्रश्न नुसत्या पाण्याचा नव्हता, माणूस म्हणून मोजले जाण्याचा होता. ते मी पुस्तकात वाचले होते. त्या सकाळी ते माझ्या घशाखाली उतरले.

आता मुद्द्याचे. त्याच वर्षी एका गेटसभेत मी तावातावाने बोललो होतो की बाहेरून आलेल्या या लोकांनी आमचा रोजगार खाल्ला. टाळ्याही पडल्या होत्या. हातात तो पेला असताना मला त्या टाळ्या आठवल्या आणि मान वर करता येईना. पुढच्या सभेत मी उभा राहून म्हणालो, मागे बोललो ते मागे घेतो. काहीजण हसले. हसू देत. आमच्या गिरण्यांच्या जमिनी विकल्या गेल्या, तिथे टॉवर आणि मॉल उभे राहिले. त्यातला एकही त्या रद्दीवाल्याच्या मालकीचा नाही.

तीन आठवड्यांनी मी त्याला भेटायला गेलो. गाळ्यात दुसराच माणूस. म्हणाला, "वो तो गाँव गया. माल सब गया ना." पुन्हा त्याची गाठ पडली नाही. त्याचे नावही मला माहीत नाही. त्याने माझे नाव विचारले नाही हा त्याचा मोठेपणा. मी त्याचे नाव विचारले नाही ही माझी चूक. पोरगी सापडली आणि मी घाईने निघून आलो. आज ती मिळवती आहे, तरी जुलै आला की विचारते, "पप्पा, ते अंकल कुठे असतील?" मला उत्तर देता येत नाही.

उपकार फेडायला तो माणूस सापडत नाही, मग काय करायचे? मला एकच मार्ग दिसतो. आपणही कुणाचे तरी अनोळखी व्हायचे. आपण इथे रोज मैत्री आणि करुणा हे शब्द म्हणतो. ते शब्द त्या माणसाने म्हटले नाहीत, केले.

म्हणून समितीपुढे माझी सूचना आहे. आपल्या सभागृहाला रात्री नऊला कुलूप लागते, 'बाहेरची माणसं' येऊन बसतात म्हणून. माझी विनंती अशी की ज्या दिवशी मोठा पाऊस होईल, गाड्या बंद पडतील, त्या रात्री हे कुलूप निघावे. प्यायच्या पाण्याचे दोन पिंप, सतरंज्या, बिस्किटे आणि एक कंदील तयार असावा. शेजारच्या शाळेला आपल्या चार माणसांचे फोन नंबर देऊन ठेवावेत. आणि जो कोणी भिजून दारात येईल त्याला आधी पाणी द्यावे, नाव नंतर विचारावे. पण विचारावे मात्र जरूर, म्हणजे माझ्यासारखी रुखरुख कुणाला लागणार नाही.

पहिल्या रात्रीची राखण मी करीन. दुसऱ्या रात्रीसाठी हात वर करा.