पाण्यानें निवणारा संगणक



पाणी आणि वीज यांची गांठ पडूं देऊं नये, हें आपण सर्वच लहानपणापासून ऐकत आलों आहोंत. तीच गांठ मीं गेल्या वैशाखांत हिंगोलीस, कयाधूच्या कांठीं राहणाऱ्या एका स्नेह्यांच्या घरीं आपल्या हातानें घालून दिली. तिची हकीकत आज सांगणार आहें.

हे स्नेही लग्नसमारंभांच्या चित्रफिती जुळवून देतात. दुपारीं पारा ४२ अंशांवर गेला कीं त्यांच्या संगणकाच्या पंख्यांची घरघर वाढे आणि काम मंदावे. कारण प्रोसेसर फार तापला म्हणजे आपण होऊन आपली गति कमी करतो. म्हणून मदरबोर्डावर पाण्याची योजना बसविण्याचें ठरलें. कल्पना नवी नव्हे. पुण्याच्या आयसर संस्थेंत २०१९ सालीं बसविलेल्या परम ब्रह्म या महासंगणकांतही उष्णता वाहून नेण्याचें काम पाणीच करतें. तेवढ्याच घनफळाच्या हवेपेक्षां पाणी तीन हजारांहून अधिक पट उष्णता सामावून घेतें!

प्रोसेसरवर ऊष्मावाहक लेपाचा वाटाण्याएवढा ठिपका, त्यावर तांब्याचा ठोकळा, आणि त्याचे स्क्रू कोनाकोनीनें थोडे थोडे आवळलेले. पुढें नळ्या, पंप आणि रेडिएटर. रेडिएटर ॲल्युमिनियमचा घेऊं नये. तांब्याच्या संगतींत तें झिजूं लागतें.

हें चाललें असतां शेजारच्या आजीबाई म्हणाल्या, "बाबा, त्यात माठातलंच पाणी घाला की!" सूचना हंसण्यासारखी खास नव्हती. परंतु माठाचें पाणी हवेहून थंड होतें, तें पाझरून वाफ झाल्यामुळें. आमच्या नळ्या बंद, त्यामुळें त्यांतील पाणी खोलीच्या हवेखालीं कधींच उतरावयाचें नाहीं. शिवाय विहिरीच्या पाण्यांत क्षार असतात. आम्हीं ऊर्ध्वपातित पाणी घातलें. तथापि धातूंच्या सहवासानें तेंही हळूहळू वीज वाहूं लागतें, म्हणून त्याच्या भरंवशावर राहूं नये. बर्फाचा मोह तर टाळावाच, कारण पावसाळी हवेंत थंड नळ्यांवर दंव जमून थेंब मदरबोर्डावरच पडतील.

आतां खरी कसोटी. वीजपेटीची मोठी जोडणी मदरबोर्डापासून सोडविली, तींत एक लहानसा पूल घालून केवळ पंपास वीज दिली, आणि प्रत्येक सांध्याखालीं टिपकागद अंथरला. चोवीस तास असेंच चालूं द्यावयाचें! स्नेह्यांना धीर निघेना. आठ दिवसांत तीन घरचीं कामें द्यावयाचीं होतीं, आगाऊ रक्कम खर्चून झालेली. "आता लावून टाकूं या," असें ते दोनदां म्हणाले. खरें सांगतों, माझेंही मन डळमळलें होतें.

सहाव्या तासाला टिपकागदावर नाण्याएवढा ओला डाग दिसला. एका सांध्याची रबरी कडी तिरपी बसली होती, आणि ती मींच बसविली होती. सांधा उकलून नीट केला व चोवीस तास पुन्हां पहिल्यापासून मोजले.

तिसऱ्या दिवशीं दुपारीं वीज जोडली. तासभर पूर्ण भार देऊन पाहिला. प्रोसेसर तापला, पण गति ढळली नाहीं. तिन्ही कामें वेळेवर गेलीं. त्या सांध्याखालचा टिपकागद मात्र स्नेह्यांनीं अद्याप काढलेला नाहीं.