स्ट्रिपवर 'पेनिसिलिन' लिहिलेलं नसतं

(जिते येथे पेण-रोहा परिसरातील तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपटा मागे पडलं आणि जिते येईपर्यंत गाडीत मी भाषणाचा कागद दोनदा वाचला, मग घडी करून खिशात ठेवला. कागदावरचं सगळं बरोबर होतं, पण ज्या गोष्टीमुळे मी हा विषय घेऊन फिरतो ती त्यात नव्हती. तीच आधी सांगतो.

मी तेव्हा नवा फार्मासिस्ट होतो, एका मेडिकलच्या काउंटरवर. गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यात काम करणारा एक मुलगा आला. घसा दुखतोय, अमॉक्सिसिलिनच्या चार कॅप्सूल द्या, म्हणाला. चिठ्ठी नव्हती. मी मागितलीही नाही. विचारलं एवढंच, "कुठल्या औषधाची ॲलर्जी?" तो म्हणाला, "पेनिसिलिन चालत नाही, बाकी सगळं चालतं." दुकानात गर्दी होती. त्याचं अर्धं वाक्य मी ऐकलं आणि चार कॅप्सूल कापून दिल्या. एक त्याने तिथेच गिळली. अर्ध्या तासाने दोघांनी त्याला धरून परत आणलं. अंगभर गांध्या, ओठ सुजलेले, आवाज बसलेला. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, मांडीत ॲड्रेनालिनचं इंजेक्शन दिलं गेलं आणि तो वाचला. त्याची अम्मी नंतर मला एकच वाक्य बोलली, "बेटा, त्याने तुम्हाला सांगितलं होतं ना?"

सांगितलं होतं. चूक माझी होती. पण त्या मुलालाही एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच आहे, त्याच कुटुंबातलं. स्ट्रिपवर 'पेनिसिलिन' हा शब्द छापलेला नसतो. ॲम्पिसिलिन, क्लॉक्सासिलिन, क्लॅव्ह जोडलेलं अमॉक्सिसिलिन, सगळी भावंडं. वर कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात, औषधाचं नाव बारीक. ते बारीक नाव वाचायची सवय लावा. शेवटी '-सिलिन' दिसलं की थांबा आणि घरातल्या कुणाला कधी त्रास झाला होता का, ते विचारा.

पेनिसिलिन आपल्या राज्याला परकं नाही. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची त्याला मदत होती, आणि १९५५ पासून तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. आपल्या दादा-नानांच्या पिढीला हे औषध बहुधा सुईनेच मिळायचं. अमॉक्सिसिलिन १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आलं. पोटातल्या आम्लात ते टिकतं, म्हणून तोंडाने घेता येतं. आता ते इतकं स्वस्त आणि ओळखीचं झालंय की आपण त्याला क्रोसिनच्या रांगेत बसवलंय.

ते काम कसं करतं? जिवाणूच्या भोवती एक भिंत असते. जिवाणू वाढताना ती भिंत सतत बांधत राहतो. हे औषध त्या गवंड्याचा हात धरतं. भिंत कच्ची राहते आणि जिवाणू फुटतो. आपल्या पेशींना अशी भिंत नाही, म्हणून आपण वाचतो. विषाणूलाही नाही. म्हणून सर्दी, फ्लू, डेंग्यू यांवर या कॅप्सूलचा शून्य उपयोग. काही जिवाणू आता औषधच कापून टाकणारं एन्झाइम बनवतात. त्या एन्झाइमला अडकवण्यासाठी क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड जोडलेली गोळी असते. ती 'जास्त पॉवरची' म्हणून स्वतःहून मागू नका. तिने जुलाब जास्त होतात आणि क्वचित यकृताला सूज येते. कधी कधी कावीळ औषध संपल्यावर काही आठवड्यांनी दिसते, आणि तोवर त्या गोळीची आठवणही राहिलेली नसते.

आपल्या भागात पावसाळ्यात याचा वेगळाच धोका आहे. भातलावणीच्या चिखलात उभं राहिलं, चार दिवसांनी ताप, पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल. हा लेप्टो असू शकतो, मलेरिया असू शकतो, डेंग्यूही. लेप्टोच्या सुरुवातीला अमॉक्सिसिलिन काही वेळा डॉक्टरही देतात, पण तपासून, ठरलेल्या मात्रेत. डब्यातल्या उरलेल्या तीन कॅप्सूल घेऊन ताप थोडा उतरला, म्हणून माणूस घरी बसतो, आणि मूत्रपिंडं बिघडल्यावर दवाखान्यात पोचतो. ताप आला की आधी रक्त तपासा.

आता त्रासांबद्दल. मळमळ, पातळ जुलाब, तोंडात किंवा जांघेत बुरशी हे नेहमीचे, बहुतेकदा औषध संपलं की जातात. याला ॲलर्जी म्हणू नका. 'मला चालत नाही' म्हणणाऱ्या बहुसंख्य लोकांना तपासणीत खरी ॲलर्जी निघत नाही, आणि एका जुलाबामुळे माणूस आयुष्यभर साध्या औषधाला मुकतो, महागड्या औषधांवर जातो. डॉक्टरला नेमकं सांगा: काय झालं, किती वेळाने, किती वर्षांपूर्वी. मात्र जुलाब पाण्यासारखे सुरूच राहिले, रक्त पडलं, तर लगेच दाखवा. तशी वेळ औषध संपल्यानंतरही येऊ शकते. फोड येऊन कातडी सोलायला लागली तरीही.

गांध्या, ओठ-जीभ सुजणं, घरघर, चक्कर यांतलं काही औषध घेतल्यावर थोड्याच वेळात सुरू झालं, तर ॲलर्जीची गोळी देऊन वाट बघत बसू नका. १०८ लावा. माणसाला आडवं झोपवून पाय उंच करा, श्वास अडकत असेल तर बसू द्या, पण उभं करून चालवू नका. त्या मुलाला आम्ही चालवत रिक्षापर्यंत नेलं होतं, तेही चुकलंच. आणि बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यातच थांबा, कारण त्रास परत उलटू शकतो.

घरात कुणाची किडनी कमजोर असेल, कुणी रक्त पातळ करणारं वॉरफरिन किंवा सांधेदुखीसाठी मेथोट्रेक्झेट घेत असेल, तर ते डॉक्टरला आधी सांगायचं.

लहान मुलांच्या सिरपबद्दल बहिणींनो आणि भावांनो दोघांनीही ऐका, कारण बाटली बहुतेक घरी अम्मीच बनवते आणि औषध आणतो अब्बा. पावडर आधी हलवून मोकळी करा. उकळून थंड केलेलं पाणी थोडं घाला, हलवा, मग खुणेपर्यंत भरा. चहाच्या चमच्याने नाही, सोबतच्या मापाने द्या, दर वेळी बाटली हलवून. लेबलवर लिहिलेल्या दिवसांनंतर, बहुधा सात, उरलेलं टाकून द्या. पुढच्या तापासाठी ठेवायचं नाही.

आणि दिवस? डॉक्टरने पाच लिहिले तर पाच, सात तर सात. बरं वाटलं म्हणून दुसऱ्या दिवशी थांबायचं नाही, स्वतःच्या मनाने वाढवायचंही नाही.

मघाशी एका बहिणीने चिठ्ठी पाठवली, रमजानमध्ये दिवसातून तीन वेळा औषध कसं घ्यायचं? आजारी माणसाला रोजा नंतर ठेवायची सवलत आहे, ती वापरा. आजार साधा असेल तर डॉक्टरला विचारा, बऱ्याचदा बारा तासांच्या अंतराने, म्हणजे सहरी आणि इफ्तारला बसेल अशी मात्रा देता येते. तीन डोस दोनमध्ये स्वतः कोंबू नका. दुसरी चिठ्ठी कॅप्सूलच्या आवरणाची आहे. ते जिलेटिनचं असतं, आणि ज्यांना त्याचा प्रश्न पडतो त्यांनी कॅप्सूल फोडून पावडर खायची किंवा औषध अर्धवट सोडायची गरज नाही. हेच औषध पाण्यात विरघळणाऱ्या गोळीत आणि सिरपमध्येही मिळतं. काउंटरवर तसं मागा. चिठ्ठी दाखवून.