खोकला मागाच्या धुळीचाच असेल असं नाही

भिवंडीत खोकल्याचं कुणाला नवल नाही. यंत्रमागावर बारा-बारा तास उभं राहायचं, छातीत कापसाचे तंतू जायचे. वजन उतरलं की भिशीच्या, म्हणजे कामगारांच्या खाणावळीच्या, जेवणावर खापर फुटतं, ताप आला की मलेरियावर. पुष्कळदा ते खरंही असतं. म्हणूनच या गावात एचआयव्हीची शंका सगळ्यात शेवटी येते. त्यातून पुरुषांशी शरीरसंबंध असलेला पुरुष असेल, तर डॉक्टरांपुढे तो विषय काढतच नाही.

जून १९८१मध्ये लॉस एंजेलिसच्या पाच समलिंगी तरुणांना दुर्मीळ न्यूमोनिया झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली. तेव्हा एचआयव्ही हा विषाणू ठाऊक नव्हता, चाचणी नव्हती. माणूस खंगला की मगच आजार कळायचा. आज चाचणी आहे, तरी आपण खंगण्याची वाट का पाहावी?

संसर्गानंतर दोन ते चार आठवड्यांत काहींना ताप येतो, घसा दुखतो, अंगावर पुरळ उठतं, मानेत गाठी येतात. आठ-पंधरा दिवसांत सगळं ओसरतं. मग कित्येक वर्षं माणूस धडधाकट दिसतो, कामावर जातो, आणि आतून प्रतिकारशक्ती झिजत राहते. पुढे टीबी होऊ शकतो. तोंडात पांढरा थर येतो. खरवडला तर खाली लालभडक दिसतं. तरण्याताठ्या माणसाच्या बरगडीवर एकाच बाजूला फोडांचा पट्टा उठला, तर ती नागीण. गेरू लावून घरी बसू नका, रक्त तपासून घ्या. खरं तर इतकं थांबूच नका. पुरुषांशी संबंध असतील, तर काहीही होत नसलं तरी दर सहा महिन्यांनी तपासणी करा. लग्न झालेलं असेल तर बायकोच्या तब्येतीचाही हा प्रश्न आहे.

भिवंडीच्या इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयात ही तपासणी मोफत होते. आधी समुपदेशक बोलतात, तुमची संमती घेतात, मग रक्ताचा नमुना. अलीकडेच धोका पत्करला असेल, तर पहिला निकाल निगेटिव्ह आला तरी तीन महिन्यांनी पुन्हा यावं लागतं. निरोध फाटला किंवा वापरलाच नाही, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे जा. २८ दिवसांच्या गोळ्यांनी संसर्ग टाळता येऊ शकतो, पण जितका उशीर तितका उपयोग कमी.

निकाल पॉझिटिव्ह आला तर एचआयव्हीवरच्या उपचारांच्या एआरटी केंद्रात औषध फुकट मिळतं आणि ते लगेच सुरू करता येतं. गोळी रोज नेमाने घेतली आणि रक्तात विषाणू सापडेनासा झाला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही. ही गोष्ट अजून फार थोड्यांना माहीत आहे, याचं मला वाईट वाटतं.

कायद्याला घाबरून कुणी मागे राहू नये. ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले, आणि त्याच महिन्याच्या १० तारखेला एचआयव्ही-एड्स कायदा लागू झाला. त्यानुसार संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. प्रत्यक्ष जाण्याआधी फोनवर बोलायचं असेल तर १०९७ लावा. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

वस्तीत दवाखाना चालवणाऱ्या माझ्या डॉक्टर मित्रांनाही एक सांगणं आहे. महिनाभर खोकणाऱ्या तरुणाला शरीरसंबंधांविषयी जरूर विचारा. फक्त दार लोटून घ्या. बाहेरच्या बाकावर त्याच्याच खोलीतला माणूस बसलेला असू शकतो.