पेनिशेच्या किल्ल्यातील कैदी
(राणीसावरगाव येथील भाषण)

लिस्बनच्या उत्तरेस समुद्रकाठी पेनिशे नावाचे मच्छीमारांचे गाव आहे. तेथील किल्ल्यात १९३४ पासून १९७४ पर्यंत पोर्तुगीज हुकूमशाहीचा राजकीय तुरुंग होता. २०१६ मध्ये हा किल्ला हॉटेलासाठी खाजगी भांडवलाच्या हवाली करण्याचे घाटत होते. जुन्या राजबंद्यांनी व त्यांच्या साथींनी विरोध केला, तो बेत बारगळला. अखेरचे कैदी सुटले त्याला पन्नास वर्षे पुरी झाली त्या दिवशी, २७ एप्रिल २०२४ रोजी, तेथे प्रतिकाराचे राष्ट्रीय संग्रहालय खुले झाले.

गंगाखेड तालुक्याला इतक्या दूरच्या तुरुंगाचे काय, असे कोणी विचारील. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. लोहियांनी सभाबंदी मोडली. त्यानंतरच्या दडपशाहीत डॉ. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा ठोठावली व त्यांना याच पेनिशेला धाडले. पुरुषोत्तम काकोडकरही तेथेच होते. आणि त्याच भिंतींआड पोर्तुगालचे कामगार, कम्युनिस्ट, लोकशाहीवादी खितपत पडले होते. गोव्यावर राज्य करणारी आणि पोर्तुगीज कष्टकऱ्यांना चिरडणारी राजवट एकच होती. कुन्हांचा शत्रू पोर्तुगीज माणूस नव्हता; पोर्तुगीज माणूस तर त्यांच्याच तुरुंगात होता!

मराठवाड्याची कहाणी सांगताना नेमके हेच विसरले जाते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या ताब्यात होता. रझाकारांचे अत्याचार खरे, आणि स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील सत्याग्रह, सरहद्दीवरील शिबिरे, सामान्य शेतकऱ्यांचे धैर्य हेही तितकेच खरे. परंतु ही राजवट ज्यांच्या आधारावर उभी होती त्या जहागीरदार-देशमुखांत दोन्ही धर्मांचे लोक होते. आणि विलीनीकरणाची बाजू मांडणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनीच खून केला. सप्टेंबरच्या सभांतून हे नाव कितीदा ऐकू येते?

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. पोलीस कारवाईनंतर निरपराध मुसलमानांच्या कत्तली झाल्या. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने सर्वाधिक झळ लागलेले म्हणून नोंदवलेले चार जिल्हे उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि परभणीच्या शेजारचे नांदेड. तो अहवाल केंद्र सरकारने कित्येक दशके दडवून ठेवला. मुक्तिसंग्रामाच्या दालनात त्याला जागा नसेल, तर ते दालन विजेत्यांचे दिवाणखाने ठरेल, संग्रहालय नव्हे.

हुतात्म्यांचे स्तंभ उभारून झाले. कागद मात्र अजून घरोघर आहेत: तुरुंगातून आलेली पत्रे, बुलेटिने, शिबिरांचे हिशेब, निजामी अंमलाच्या उर्दू नोटिसा. वाळवीला सवड नसते. राणीसावरगाव व भोवतालच्या खेड्यांतून ते गोळा करण्यास पक्षाच्या शाखांनी या दिवाळीपूर्वी आरंभ करावा. उर्दू वाचणारे एक-दोन साथी बरोबर घ्यावेत, आणि मुसलमान वस्तीतील म्हाताऱ्याकोताऱ्यांकडे पहिल्याच फेरीत जावे.