पाण्याचा जमाखर्च
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी एखाद्या थोर व्यक्तीविषयी बोलावयाचे ठरले, तेव्हा मी कै. धनंजयराव गाडगीळ यांचे नाव सुचविले. एक-दोघींनी विचारले, हे कोण? अर्थशास्त्रज्ञ म्हटल्यावर त्यांचे चेहरे उतरले. अर्थशास्त्र म्हणजे बँकेचे नि बाजाराचे शास्त्र अशी आपली समजूत. पण पाणी, माती, रान यांचा हिशेब मांडून सरकारला सल्ला देणे हेही त्याच शास्त्राचे काम आहे. हल्ली त्याला पर्यावरणाचे अर्थशास्त्र म्हणतात. धनंजयरावांच्या उमेदीच्या काळी हे नाव कोणी ऐकले नव्हते. काम मात्र त्यांनी केले, आणि ते आपल्या फाट्याच्या पाण्याशी येऊन भिडते, म्हणून मी आज उभी आहे.

त्यांचा जन्म १९०१ सालचा, नाशिकचा. केंब्रिजला शिकून ते परत आले आणि १९३० साली पुण्यास गोखले संस्था निघाली, तिचे पहिले संचालक झाले. खोलीत बसून पोथ्या लिहिणारे हे पंडित नव्हेत. घरोघर माणसे पाठवून चौकशी करावयाची, आकडे जमवावयाचे आणि मग बोलावयाचे, अशी त्यांची रीत. आपल्या सोलापूर शहराचीही अशी पाहणी झाली होती. तिचे पुस्तक १९६५ साली निघाले.

परंतु मला सांगावयाचे आहे ते १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीविषयी. नगरकडील गोदावरी आणि प्रवरा या कालव्यांनी लोकांचा काय फायदा झाला, हा तिचा विषय. इंग्रज सरकारने आपल्या दुष्काळी मुलखात कालवे काढले खरे, पण त्यांच्या वहीत जमेकडे मुख्यतः पाणीपट्टी. पट्टी थोडी आली की कालवा तोट्यात! धनंजयरावांनी बागायती आणि जिरायती अशी दोन्ही शेते ताडून पाहिली. पाणी आल्यावर कोणाला काम मिळाले, कोणाचा व्यापार वाढला, शेतकऱ्याच्या घरात काय आले, हे मोजले.

भगिनींनो, हे आपल्याला कळावयास अवघड नाही. डेअरीला घातलेल्या दुधाचे तेवढे पैसे धरले, तर गाय कित्येकदा तोट्यातच दिसेल. शेण, गोवऱ्या, पोरांच्या तोंडचे ताक आणि दावणीचे वासरू कोणी धरावयाचे? घरची बाई ते धरते, म्हणून गाय दावणीला राहते. सरकारच्या वहीत ही पाने घालण्याचे काम धनंजयरावांनी केले.

ते उसाचे वैरी नव्हते, हेही सांगितले पाहिजे. विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा करण्यात त्यांचा मोठा हात होता. त्या कारखान्याचे पहिले अध्यक्ष तेच. १९६७ मध्ये ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. केंद्राचा पैसा राज्यांना कसा वाटावा याचे सूत्र १९६९ साली ठरले, ते गाडगीळ सूत्र म्हणूनच ओळखले जाते. त्यात साठ टक्के वाटा लोकसंख्येवर होता, आणि दहा टक्के राज्यांच्या खास अडचणींसाठी राखले होते. १९७१ च्या मे महिन्यात ते वारले.

आता आपल्या दाराशी येऊ. पाणी आले की ऊस आला, आणि ऊस आला की पक्की घरे आली, हे आपण डोळ्यांनी पाहिले. पण एक एकर ऊस वर्षभर जे पाणी पितो, त्यात रब्बी ज्वारीचे कित्येक एकर भिजतात. मागे बसलेल्या पुरुष मंडळींना हे रुचणार नाही. न रुचो! केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगानेच एका अहवालात लिहिले, की महाराष्ट्रात पिकाखालच्या जमिनीपैकी चार टक्क्यांहून कमी जमिनीत ऊस, आणि तो ओलिताचे जवळजवळ सत्तर टक्के पाणी घेतो. शिवाय अति पाण्याने रान चोपण होते, पांढरी खार फुटते. त्या रानाची किंमत कोणत्या वहीत?

पुढे गोखले संस्थेचेच संचालक झालेले वि. म. दांडेकर यांनी दत्ता देशमुख व देऊसकर यांच्यासह १९७९ साली सरकारला सांगितले, की कालव्याचे पाणी बारमाही न देता आठ महिने द्यावे, म्हणजे ते अधिक शेतांना पोचेल. उन्हाळ्यात ज्याला ऊस जगवावयाचा त्याने विहिरीवर जगवावा. १९८७ साली शासनाने आठमाहीचे धोरण स्वीकारले. कागदावर स्वीकारले. शेपटाकडच्या रानात उभी राहून पाटाकडे पाहणारी बाई त्याचे उत्तर देईल.

धनंजयरावांचे चिरंजीव माधवराव रानावनांचे शास्त्रज्ञ झाले. लहानपणी वडिलांबरोबर धरणाचे काम पाहावयास गेले असता, वीज हवी खरी, पण त्यासाठी एवढे रान नि एवढी माणसे उजाड व्हावीत काय, असे वडील म्हणाल्याची आठवण त्यांनी सांगितली आहे. त्यांच्याच समितीने २०११ साली सह्याद्रीविषयी अहवाल दिला. सह्याद्री आपल्याला लांबचा वाटतो. पण आपल्या तालुक्यात येणारे नीरेचे पाणी भोरकडच्या डोंगरांतून भाटघरच्या धरणात साठते, मग वीरमार्गे उजव्या कालव्यात येते. तेथले रान गेले आणि धरण गाळाने भरले, तर येथे पाळी लांबेल.

माउलींची पालखी मुक्कामाला येते, तेव्हा किती घागरी भरून ठेवाव्या लागतात, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. मग शेजपाळीचा कागद आपण का पाहू नये? पाणी वापर संस्थेत मत सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. ज्या भगिनींचे नाव सातबाऱ्यावर आहे त्यांनी सभेला स्वतः बसावे, धन्यांना पाठवू नये. ज्यांचे नाही त्यांनी घरी विषय काढावा. येत्या पाळीपूर्वी मी शेजपाळीची नक्कल मागावयास पाटबंधाऱ्याच्या कचेरीत जाणार आहे. बरोबर यावयाचे असेल त्यांनी चहापानाच्या वेळी माझ्याकडे नाव द्यावे.