मागच्या बाकावरच्या पोराची गोष्ट



अमरावती-अकोल्याकडच्या कोणत्याही हायस्कुलात आठवीच्या वर्गात घटकाभर बसून पाहा. गुरुजी फळ्याकडे वळले, की मागून हळूच एक शब्द येतो. तो कोणा पोराचे नाव नसते. त्याच्या बोलीवरून, रंगावरून नाहीतर जातीवरून ठेवलेले ते टोपणनाव असते. वर्ग हसतो. मारामारी झाली तर गुरुजींच्या ध्यानात येते, हे येत नाही. अन् पोर घरीही सांगत नाही. सांगावे तरी कसे? ज्या बोलीला हसतात ती त्याच्या आईची, ज्या रंगाला हसतात तो त्याच्या बापाचा!

मेळघाटातला कोरकू मुलगा घ्या. त्याची घरची भाषा मराठीची बहीण नव्हे, मावशीही नव्हे. ती मुंडा कुळातली, संथाळीच्या गोतातली. तो शिकायला परतवाड्याला किंवा अचलपूरला येतो. ‘ती’च्या जागी ‘तो’ म्हणाला, की वर्गात खसखस पिकते. हसणारे कोण, तर ज्यांचे ‘मले-तुले’ ऐकून पुण्याकडची पोरे हसतात, तेच!

फासेपारध्यांचे तर त्याहून अवघड. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पारध्यांसारख्या कित्येक जमातींवर जन्मापासूनच शिक्का बसला. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. पण वर्गात कोणाचा पेन हरवला, तर माना कोणाकडे वळतात हे गुरुजनांना मी सांगायला नको. नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळा येथे मतीन भोसले यांनी या मुलांसाठी आश्रमशाळा उभी केली. तिचे नाव ‘प्रश्नचिन्ह’. पुढे समृद्धी महामार्गाच्या वाटेत शाळेच्या ज्या इमारती आल्या, त्यांत मुलांचे वाचनालयही होते. पुस्तके मिळवून जपायची, तीही अशा कष्टाने!

अशा मुलांच्या हाती द्यायला आपल्यापाशी आहे तरी काय? साने गुरुजींची ‘श्यामची आई’ १९३५ ची. ती अजून पोरांना रडवते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’ या १९४९ च्या पुस्तकात ‘झेल्या’ आहे, शाळेतल्या एका पोराचे चित्र. ते प्रत्येक मास्तराने एकदा तरी वाचावे. आपल्या वऱ्हाडातल्या उद्धव शेळक्यांची ‘धग’ १९६० ला आली. कौतिकची ती कहाणी मुलांसाठी लिहिलेली नाही, पण संसार ओढणारी माय वऱ्हाडीत बोलते तशी तीत भेटते. बाकी मुलांच्या पुस्तकांतली पोरे बहुधा शहरातली, वाड्यातली. त्यांच्या मायीला कापूस वेचायला जावे लागत नाही, की धाकट्याला सांभाळायला बहिणीची शाळा बुडत नाही.

तेव्हा गुरुजनहो, काही गोष्टी तुम्हीच लिहा. पाच-सहा पाने पुरेत, एका तासात वाचून व्हावीत इतकी. भाषा सोपी ठेवा, आणि “काऊन बे, बोलत काऊन नाई?” असे पोर म्हणत असेल तर तसेच लिहा. शुद्धलेखनाचा तास वेगळा आहे.

एक मात्र टाळा. अशा कितीतरी गोष्टींत शेवटी चिडवणारा पोरगा विहिरीत पडतो, मागच्या बाकावरचा पोरगा उडी घालून त्याला काढतो, आणि मग सारे त्याला आपला म्हणतात. मला हे कधी पटले नाही. कोणाचा जीव वाचवल्याशिवाय या मुलाला साध्या माणुसकीचा हक्क नाही काय? मुख्याध्यापकांचे भाषण होऊन सारे सुधारले, असेही नको. तेरा वर्षांच्या पोराला ते खोटे वाटते, आणि ते खोटेच असते.

त्यापेक्षा तिसऱ्या मुलाची गोष्ट सांगा. तो चिडवत नाही, पण इतरांबरोबर हसतो. वर्गात असेच जास्त असतात. एके दिवशी पेन हरवतो. साऱ्यांसमोर पारध्याच्या पोराचे दप्तर उलटे करतात. त्यातून दोन वह्या पडतात आणि फडक्यात बांधलेली भाकर. पेन मात्र या तिसऱ्याने पाहिलेला असतो, त्याच्या खास मित्राच्या कंपासपेटीत. आता त्याने काय करावे? बोलला तर मैत्री तुटते, मित्राचा बाप घरी येतो, आणि त्याचा स्वतःचा बाप त्याच माणसाच्या शेतात मजुरीला जातो. इथे गोष्ट शाळेतून उठून चुलीपाशी येऊन बसते. रात्री पोरगा आईला विचारतो. आई चुलीतले लाकूड मागे ओढते आणि पटकन काहीच बोलत नाही.

ही गोष्ट इथवर वाचून थांबायला हरकत नाही. शनिवारची सकाळची शाळा, शेवटचा तास, पोरांची घरी पळायची घाई. त्यांना “तात्पर्य काय?” म्हणून विचारू नका, नाहीतर पाठ केलेले उत्तर मिळेल. “त्याची माय काय म्हणाली असेल?” एवढेच विचारा, आणि कोण बोलते, कोण खाली पाहते, ते बघा. सोमवारी कागदाच्या चिटोऱ्यावर कोणी उत्तर लिहून आणले, तर ते वर्गात वाचून दाखवण्याआधी त्या पोराला विचारा.