सारंगियाचे नाव



एकाच गवयाचा, एकाच रात्री गाइलेला, एकच मालकंस जो मनुष्य तीन वेळा विकत घेतो त्यास काय म्हणावे, असा प्रश्न आमच्या घरी वरचेवर विचारला जातो. पहिल्याने ती मैफल कॅसेटवर निघाली, पुढे सीडीवर निघाली, आणि त्यानंतर ‘संपूर्ण’ असे विशेषण लावून पुन्हा एकदा निघाली. तिन्ही मजजवळ आहेत, आणि तिन्ही असूनही ती मैफल मजजवळ नाही.

हे कोडे उलगडण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९०२ सालच्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यास गौहरजान हिचे गाणे मुद्रित केले. चीज संपली की बाई शेवटी इंग्रजीत आपले नाव सांगत. यात मिरवणे नव्हते. तबकड्या छापल्या जात जर्मनीत हॅनोव्हर येथे. तेथील कारागिरांस कोणती तबकडी कोणाची हे कळावे, एवढ्यासाठी ती सोय होती. आज ते चार शब्द ऐकताना अंगावर रोमांच उभे राहतात. पण जुन्या तबकडीचे पुनःप्रकाशन करणाऱ्यास ते गाण्याबाहेरचे वाटले, तर ते क्षणार्धात नाहीसे होऊ शकतात.

मैफलीच्या मुद्रणात तर असे ‘गाण्याबाहेरचे’ फारच असते. तंबोऱ्यांची जुळवाजुळव, तबल्यावर पडणारी हातोडी, श्रोत्यांची दाद, मध्येच कोणाचा खोकला, निवेदकाची दोन वाक्ये. प्रकाशकास हा केर वाटतो. मला विचाराल तर, त्या केरातच पुष्कळदा मैफलीचा पत्ता लिहिलेला असतो.

हा अनुभव आपल्याकडचाच आहे असे नव्हे. अमेरिकेतील जाझ हे संगीतही आपल्या ख्यालाप्रमाणे जागच्या जागी घडते, म्हणून त्याचे रसिकही प्रत्यक्ष मैफलींच्या मुद्रणांमागे वेडे झालेले असतात. डीन बेनेडेट्टी नावाच्या अशा एका भक्ताने १९४७ सालच्या मार्च महिन्यात लॉस एंजेलिस येथे चार्ली पार्कर याचे सॅक्सोफोनवादन रात्रीमागून रात्री मुद्रित केले. परंतु पार्कर थांबला की हा यंत्रही थांबवी! भक्ती अगाध खरी. पण शेजारी बसून वाजविणाऱ्यांचे वादन हवेत विरले ते विरलेच. बेनेडेट्टी १९५७ साली वारला, आणि हा संग्रह १९९० साली प्रकाशित झाला. दुसरी गोष्ट याच्या उलट आहे. २९ नोव्हेंबर १९५७ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये थेलोनियस मंक आणि जॉन कोल्ट्रेन यांनी एकत्र वाजविले, आणि व्हॉइस ऑफ अमेरिका या नभोवाणीने ते मुद्रित केले. त्या फिती वॉशिंग्टनच्या सरकारी ग्रंथालयात पडून राहिल्या. २००५ साली लॅरी ॲपलबॉम या तेथील जाणकाराच्या हाती त्या आल्या, तेव्हा डब्यावर मंकचे नाव कसेबसे खरडलेले होते, कोल्ट्रेनचे नव्हतेच. त्याने तो स्वर ऐकून ओळखला. कोल्ट्रेन हा जगविख्यात, म्हणून ओळखला गेला; सामान्य साथीदारास असे कोण ओळखणार?

आता माझ्या मालकंसाकडे वळतो. ही मैफलही नभोवाणीचीच. आकाशवाणीने १९५२ साली संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, आणि ज्या गावी कोणी बुवा कधी फिरकला नसता अशा गावीही मोठे गाणे जाऊन पोहोचले. हिंगोली जिल्ह्यातील पुसेगाव येथे माझे मामा शिक्षक होते. शनिवारी रात्री रेडिओसमोर कॅसेटचे यंत्र ठेवून ते गाणे उतरवून घेत. दोहोंत तार वगैरे काही नसे. त्यामुळे त्या फितींवर बैलांच्या घंटा आहेत, पत्र्यावरचा पाऊस आहे, आणि मामींना गप्प करणारे मामा आहेत.

प्रकाशकाच्या कॅसेटवर बाजू संपते तेथे ताना अर्ध्यावर विरतात. सीडीवर शेवट आहे. पण आरंभीची सहा मिनिटे नाहीत, थेट ठेक्यावर समेलाच सुरुवात. ‘संपूर्ण’ म्हणविणाऱ्या आवृत्तीतही ती नाहीतच, शिवाय तिचा षड्ज सीडीहून अर्ध्या स्वराने चढा आहे. यांतील खरा कोणता? याची एक युक्ती आहे. जुन्या फितीच्या तळाशी विजेची बारीक घरघर असते, सेकंदास ५० आंदोलनांची. मोजून ती ५३ भरली तर फीत जलद फिरली असे समजावे. सीडीवर ती पन्नासच भरते. नव्या आवृत्तीत ती दोष म्हणून पुसून टाकली आहे, म्हणजे चूक करून पुरावाही नाहीसा केला!

सारंगी मात्र तिन्हींत आहे, आणि अशी की गवई थांबल्यावरही मालकंस थांबत नाही. ती कोणाची? तिन्ही वेष्टनांवर गवयाचे नाव ठसठशीत छापलेले आहे, तबलजीचे बारीक आहे, आणि सारंगियाचे मुळीच नाही. निवेदकाने ते आरंभी सांगितले असणार, आणि तो आरंभ मामांपाशी होता.

मामांच्या पश्चात मी पुसेगावी गेलो. ट्रंकेत ती कॅसेट सापडली, मामांच्या अक्षरात तारीख घातलेली. लावली, तो नामसप्ताहातील भजन ऐकू आले. घरातील कोणीतरी कोरी समजून तीवर मुद्रण केले होते. दोन मिनिटांनी ‘विठ्ठल विठ्ठल’ मध्येच तुटले आणि तंबोरे सुरू झाले. हरवलेल्या सहांपैकी चार मिनिटांची आलापी मला मिळाली. यंत्राचे सेल उतरत आले होते, त्यामुळे गाणे पुढे जाते तसतसा षड्ज चढत जातो. तो दोष सीडीशी ताडून सुधारता येईल. निवेदन मात्र भजनाखाली गेले. भजन म्हणणाऱ्यांवर मी रागावू शकलो नाही. त्यांतील एक आवाज माझ्या मामींचा आहे.

तेव्हापासून मी पत्रे लिहीत आहे. १९९० साली मुंबईत ध्वनिमुद्रिका-संग्राहकांची एक संस्था निघाली, तेव्हापासून आम्हा मंडळींस एकमेकांचे पत्ते ठाऊक आहेत. नांदेडच्या एका गृहस्थांची फीत निवेदनानंतर सुरू होते. हिंगोलीस एका निवृत्त कारकुनाने त्याच रात्री यंत्र लावले होते असे कळते. फीत हाताबाहेर देण्यास ते तयार नाहीत, पण येऊन ऐका म्हणतात. येत्या रविवारी मी हिंगोलीस जात आहे.